शिमगा आणि कार्निव्हल

उत्तर इटलीत डोरा बाल्तेआ नदीच्या काठी इव्हरेआ नावाचे एक लहानसे नगर आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तेथील प्रतिष्ठित नागरिकही तीन दिवस एकमेकांस संत्री फेकून मारतात. त्या थंड मुलखात संत्री पिकत नाहीत. ती दक्षिणेकडून गाड्या भरभरून आणावी लागतात. घोड्यांच्या रथांत शिरस्त्राणे घालून उभे असतात ते जुलमी सरदाराचे शिपाई, आणि खाली उघड्या तोंडाने लढते ती बंडखोर रयत, असा त्या खेळाचा संकेत आहे. एका पिठाच्या चक्कीवाल्याच्या मुलीने त्या सरदाराचा वध केला, अशी आख्यायिका सांगतात. तिचा मान दरवर्षी गावातील एका स्त्रीस मिळतो. शेवटल्या दिवशी सायंकाळी चौकाचौकांत, वाळल्या झुडपांनी वेढलेले उंच खांब पेटवितात. ज्वाला सरसर वर चढली तर वर्ष चांगले जाणार, असा शकुन मानतात.

हे वर्णन पेण किंवा रोहा येथील एखाद्या वृद्ध गृहस्थास ऐकविले, तर संत्र्यांच्या नासाडीबद्दल तो हळहळेल. बाकी कशाचे त्याला नवल वाटणार नाही. फाल्गुनी पौर्णिमेस त्याच्याही गावात सावरीचे किंवा पोफळीचे उंच झाड वाजतगाजत आणून उभे करतात, भोवती गवत व लाकडे रचतात, पुरणपोळीचा नैवेद्य व नारळ अर्पण करून ते पेटवितात. झाड जळून कोणत्या दिशेस पडते, यावरून कोकणात अनेक गावी पुढील सालाचा अंदाज बांधतात. मग बोंब उठते, आणि वर्षभर मान खाली घालून वागणारा मनुष्य त्या रात्री गावच्या सावकाराच्या नावानेही मोकळ्या गळ्याने ओरडतो.

दोन्ही उत्सवांची नाळ चंद्राशी जोडलेली आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढल्या रविवारी ईस्टर येतो, आणि त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. त्या बुधवारच्या आदल्या दिवशी कार्निव्हल संपतो. हिशेब केला असता तो बहुधा अमावास्येच्या आसपास पडतो. शिमगा मात्र भर पौर्णिमेचा. ‘कार्निव्हल’ या शब्दाचे मूळ मांस वर्ज्य करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दांत दाखवितात. म्हणजे पुढे दीर्घ उपवास आहे, तेव्हा तत्पूर्वी मनसोक्त खाऊन-नाचून घ्यावे, हा त्यातील हेतू. शिमग्यापुढे असा उपवास नाही. ‘सुग्रीष्मक’ या शब्दापासून शिमगा आला, अशी व्युत्पत्ती लावतात. ती ग्राह्य धरल्यास तो मुळात ऋतूचा उत्सव ठरतो. राखेचेही असेच आहे. ख्रिस्ती भाविक बुधवारी कपाळी राख लावतो ती पश्चात्तापाची. आपल्याकडे धुळवडीस होळीची राख कपाळी लागते ती मात्र हसतखेळत.

हा ऋतू पेण-रोह्याकडे कसा असतो, हे पाहिल्यावाचून उत्सवाचे मर्म कळावयाचे नाही. तो मुलूख मुख्यतः एका पिकाचा, भाताचा. मळणी होऊन दाणा कणगीत पडला की आगरी शेतकऱ्यास काही आठवडे उसंत मिळते. मिठागरांवर काम चालू असते खरे, पण शिमग्यास तेथील मजूरही घराची वाट धरतो. कोळीवाड्यांत होड्या सजवून त्यांची पूजा होते. मुलांच्या टोळ्या सोंगे घेऊन दारोदार ‘पोस्त’ मागत फिरतात, आणि अत्यंत कृपण गृहस्थासही त्या दिवशी खिशात हात घालावा लागतो. हा कर कोणत्याही कायद्यात नाही, आणि तो चुकविणेही तितकेच कठीण.

रोह्याचा दुसरा मोठा उत्सव याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. ही प्रथा इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. तेथे खुद्द सरकार शिस्तीत उभे राहून देवाला वंदन करते. शिमग्यात शिस्तीलाच रजा असते. एकाच गावाला वर्षातून या दोहोंची गरज भासावी, हे विचार करण्याजोगे आहे.

या रजेची मर्यादा कोणती, हा खरा वादाचा मुद्दा. शिमग्यातील बीभत्स बोलण्याविरुद्ध सुधारकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोहीम उघडली, ती योग्यच होती. सावकाराच्या नावाने बोंब मारणे निराळे आणि वाटेने जाणाऱ्या स्त्रीस उद्देशून अभद्र बोलणे निराळे. पहिल्यात दुबळा सबळास चिमटा काढतो. दुसऱ्यात सबळच दुबळ्यास छळतो, आणि त्यास रूढीचे नाव देणे ही लबाडी होय. इव्हरेआतही ज्याला संत्र्यांचा मार नको, त्याने लाल टोपी घालावी, असा नियम आहे. आपल्या गावांत अशी टोपी कोणी ठरविली नाही, म्हणून रंग नको म्हणणाऱ्याचे ऐकण्याचे कर्तव्य काही टळत नाही. तीच गोष्ट होळीच्या मानाची. पहिला अग्नी कोणाच्या घराण्याने द्यावा, यावरून कित्येक गावी भाऊबंद वर्षानुवर्षे कोर्टात भांडले आहेत.

उलट, उत्सव फार धुऊनपुसून घेतला तर काय उरते, याचे उदाहरण गोव्यात आहे. तेथील जुना ‘इंत्रुज’ घराघरांतला व गल्लीगल्लीतला होता. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर, १९६५ पासून राजा मोमोच्या मिरवणुकीचा थाट सुरू झाला. शोभा वाढली, प्रवासी वाढले. परंतु रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहणारा मनुष्य खेळणारा उरला नाही. पेण-रोह्याच्या शिमग्यात अजून तरी प्रेक्षकांसाठी वेगळी जागा नाही. जो येतो तो कोणाच्या तरी रंगात सापडतोच.

धुळवड आटोपली की मुंबईचा चाकरमानी दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसतो, कानामागे थोडा रंग तसाच राहिलेला. गावात राहिलेला शेतकरी पालापाचोळा व शेण गोळा करून शेतात राब भाजू लागतो. होळीनंतरची ती दुसरी आग. तिच्याच राखेत, पाऊस आला म्हणजे, भाताचे रोप उगवते.