तेवीस कोटी युनिट ठेवायचे कुठे?

३० मे २०२४ रोजी, उन्हाचा कडाका टिपेला असताना, भारताची विजेची मागणी २५० गिगावॉटला भिडली. घरच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर देश त्या घटकेला तासाला २५ कोटी युनिट वीज ओढत होता. पंखे, एसी, पंप, कारखाने, लोकल सगळं मिळून.

भर दुपारी सौरऊर्जा हात देते. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर सुरू होते. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आराखड्यात २०३१-३२ पर्यंत सुमारे ४१ कोटी युनिट साठवण्याची सोय धरली आहे. त्यातले साडेसतरा कोटी उदंचन प्रकल्पांत, म्हणजे पाणी वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडायचं. उरलेले २३.६ कोटी युनिट बॅटऱ्यांत. मे महिन्यातल्या त्या दुपारच्या वेगाने वापरले तर तेही तासाभरात संपतील. पण तेवढ्या बॅटऱ्या करायच्या कशाच्या?

मोबाइल आणि गाडीत लिथियमला तोड नाही, कारण तिथे प्रत्येक ग्रॅम वाहून न्यावा लागतो. उपकेंद्राशेजारची बॅटरी पंचवीस वर्षं जागची हलणार नसते. तिचं वजन कितीही असो, ती स्वस्त हवी, टिकाऊ हवी आणि पेट घेणारी नको. लिथियम बॅटरीतला द्रव ज्वलनशील असतो. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या साठवण केंद्राला आग लागली, तेव्हा आसपासच्या हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. त्या द्रवाच्या जागी पाणी वापरलं तर हा धोका मुळातच कमी होतो.

पाण्याची अडचण एकच, पण मोठी. १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊ शकतं. लिथियमचा सेल साडेतीन व्होल्टच्या आसपास देतो, पाण्यावरचा सेल साधारण त्याच्या एक तृतीयांश. तेवढीच वीज ठेवायला सामग्री जास्त लागते, आणि इथूनच डोकं गरगरवणारे आकडे सुरू होतात.

चीनमधल्या दालियान शहरात २०२२ मध्ये व्हॅनेडियम या धातूवर चालणारी एक प्रचंड बॅटरी ग्रिडला जोडली गेली. क्षमता १०० मेगावॉट, साठवण चार लाख युनिट. तिच्यात व्हॅनेडियम विरघळवलेलं आम्लयुक्त पाणी टाक्यांत भरलेलं असतं. पंप ते सेलमधून फिरवतो आणि मधल्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना इलेक्ट्रॉनची देवघेव होते. चार्ज होताना एका बाजूचं हिरवं पाणी जांभळं होतं, दुसऱ्या बाजूचं निळं पाणी पिवळं. वीज काढली की रंग पुन्हा मूळपदावर येतात.

अशा द्रावणाच्या हजार लिटरमध्ये साधारण वीस युनिट मावतात. घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात हजार लिटर पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडलं की जेमतेम एक युनिट मिळतं, म्हणजे हे रंगीत पाणी वीसपट ताकदीचं. तरीही चार लाख युनिटांसाठी दोन कोटी लिटर लागतं. दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर! ही बॅटरी एकदा पूर्ण रिकामी होताना सगळ्या सेलांत मिळून जे इलेक्ट्रॉन हात बदलतात, त्यांची संख्या सातवर तीस शून्यं इतकी भरते.

यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन व्हॅनेडियमच्या दोन अणूंना कामाला लावतो, दोन्ही बाजूंना एकेक. हिशेब केला तर चार लाख युनिटांना किमान १,२०० टन व्हॅनेडियम हवं. आता हाच हिशेब २३.६ कोटी युनिटांना लावू: सात लाख टनांहून जास्त. साऱ्या जगाचं वर्षाचं उत्पादन एक लाख टनाच्या आसपास आहे. एकट्या भारताच्या गरजेला जगाची सात वर्षांची खाण पुरवावी लागेल.

आता लोखंड घेऊ. लोह-हवा बॅटरीत अल्कधर्मी पाण्यात लोखंड गंजतं आणि वीज देतं. चार्ज केलं की गंजाचं पुन्हा लोखंड होतं. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी सलग शंभर तास वीज पुरवतील अशा बॅटऱ्या याच तत्त्वावर बांधते आहे. घातलेल्या विजेपैकी निम्म्याहून कमी परत मिळते, हा या बॅटरीचा मोठा तोटा. पण २३.६ कोटी युनिटांना लागणारं लोखंड तत्त्वतः फक्त दोन लाख टन. भारत वर्षाला सुमारे १५ कोटी टन पोलाद करतो, तेव्हा हे अर्ध्या दिवसाचं काम झालं. प्रत्यक्षात पाचपट लागलं तरी अडीच दिवसांचं. एकीकडे सात वर्षं, दुसरीकडे अडीच दिवस! आकडा एवढा मोठा झाला की बॅटरीची हुशारी मागे पडते. ज्याचे पृथ्वीवर ढीग आहेत तेच मूलद्रव्य पुढे येतं.

मँगनीजही असंच मुबलक. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई यांच्या गटाने मँगनीज सल्फेट पाण्यात विरघळवून बॅटरी केली. चार्ज करताना एका इलेक्ट्रोडवर मँगनीज डायऑक्साइडचा थर बसतो आणि दुसरीकडे हायड्रोजन तयार होतो. वीज काढताना थर विरघळून जातो. नमुना तीन इंच उंचीचा, साठवण २० मिलिवॉट-तास, म्हणजे एका युनिटचा पन्नास हजारावा भाग. दालियानएवढी साठवण करायला असे दोन हजार कोटी नमुने लागतील. पण स्टॅनफर्डच्या या बॅटरीने दहा हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसलं, म्हणजे रोज एकदा वापरली तर सत्तावीस वर्षं. हायड्रोजनच्या बाजूला महागडं प्लॅटिनम लागत होतं. त्याला स्वस्त पर्याय शोधणं हेच पुढचं काम.

हायड्रोजनच्या जोडीने पाण्यावरची बॅटरी किती टिकते याचा दाखला अंतराळात आहे. हबल दुर्बिणीसोबत १९९० मध्ये गेलेल्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या २००९ मध्ये बदलल्या. दिवसाला सुमारे पंधरा प्रदक्षिणा, प्रत्येक प्रदक्षिणेत ऊन आणि सावली. एकोणीस वर्षांत लाखभर वेळा त्या चार्ज झाल्या.

२३.६ कोटी युनिटांना मँगनीजही तत्त्वतः दोन लाख टन पुरतं. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल या खाण कंपनीने २०२४-२५ मध्ये सुमारे १८ लाख टन मँगनीज खनिज काढलं. त्यात धातूचा अंश पाव धरला तरी साडेचार लाख टन होतो. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कारखान्यांना जातं. तो सेल संपला की फेकायचा. त्याच धातूचा हजारो वेळा भरता येणारा, ग्रिडच्या मापाचा सेल करणं हे विदर्भातल्या प्रयोगशाळांनी आणि उद्योगांनी हातात घेण्याजोगं काम आहे. खनिज आपलं, गरज आपली; पैसा आणि संशोधकांची वर्षं इथेच लागली पाहिजेत, आणि २०३२ फार लांब नाही.