मेलव्हिल फाइनमन यांचा ज्ञानकोश

आईबापांस ग्रंथांचा नाद असला, तर मुलाच्या विचारशक्तीस खरोखरच वळण लागते काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. अशा वेळी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 27 देशांतील माहितीवर आधारलेल्या मराया एव्हन्स प्रभृतींच्या पाहणीचा दाखला हमखास दिला जातो: ज्या घरी सुमारे 500 पुस्तके होती तेथील मुले, पालकांचे शिक्षण व व्यवसाय हिशेबात धरूनही, पुस्तके नसलेल्या घरांतील मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक शिकली. दाखला खरा, परंतु ग्रंथप्रेमी पालक पुस्तकांबरोबर आपली आनुवंशिक प्रकृतीही मुलांस बहाल करीत असल्यामुळे, हे श्रेय कपाटाच्या खाती जमा करावे की रक्ताच्या, याचा निवाडा अशा पाहणीने होत नाही.

म्हणून मला गणवेशांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत अधिक मोलाची वाटते. न्यूयॉर्कमधील फार रॉकअवे येथे राहणारे मेलव्हिल फाइनमन पुत्रास मांडीवर घेऊन ब्रिटानिका ज्ञानकोश वाचून दाखवीत. आणि टायरॅनोसॉरस 25 फूट उंच असून त्याचे डोके 6 फूट रुंद होते असे त्यात आले, की तेथेच थांबून, हा प्राणी आपल्या अंगणात उभा राहिला तर त्याचे मस्तक माडीवरच्या या खिडकीपर्यंत पोचेल, मात्र रुंदीमुळे आत शिरावयाचे नाही, असा त्या आकड्यांचा अर्थ उलगडीत. (आजच्या मोजमापांपुढे ते आकडे फुगीर ठरतात, ही गोष्ट अलाहिदा!) वाचलेल्या मजकुराचा प्रत्यक्षात अर्थ काय, हे ताडून पाहण्याची सवय आपणांस तेथेच जडली, असे 1965 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेल्या त्या पुत्राने, रिचर्ड फाइनमन यांनी, आवर्जून नमूद केले आहे.

या रीतीस प्रयोगाचाही आधार आहे. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांची मुले असलेल्या सुमारे तीस कुटुंबांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. महिनाभर चित्रपुस्तके दोन्हीकडे वाचली गेली, परंतु एका गटातील पालकांस, ‘मांजर कुठे आहे?’ असे न विचारता ‘मांजर काय करते आहे?’ असे विचारण्याची, आणि मुलाचे तुटक उत्तर भर घालून त्यास परत ऐकविण्याची तालीम दिली होती. अखेरीस या गटातील मुले शब्दाभिव्यक्तीच्या एका कसोटीत 8.5 महिन्यांनी पुढे असल्याचे आढळले. नमुना लहान खरा. पण विभागणी यदृच्छेने झालेली असल्यामुळे रक्ताचा मुद्दा येथे बराचसा निकालात निघतो.

सबब, पुस्तके वाढविण्याची तजवीज पालकांनी खुशाल करावी. मात्र आज रात्री वाचून दाखविताना मुलास बोलते करावे, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत पान उलटू नये.