दीड लाखाची जुनी फोर बाय फोर जीप: घ्यायची की सोडायची? (डोळखांबच्या एका मित्राचा प्रश्न)



मागच्या रविवारच्या व्हिडिओखाली शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या एका मित्राने प्रश्न विचारला होता. व्हिडिओत उत्तर द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. प्रश्न असा: "सर, २००४ ची महिंद्राची फोर बाय फोर जीप १ लाख ४० हजाराला मिळते आहे. इंजिन चालू आहे, थोडं काम आहे. हळूहळू रिपेअर करीन आणि शनिवार-रविवारी ट्रेकर लोकांना आसनगाव स्टेशनला सोडायचा धंदा करीन. आई सोनं गहाण ठेवायला तयार आहे. घेऊ का?"

शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. आईचं सोनं गहाण पडणार असेल तर "घे रे, होईल काहीतरी" असं उत्तर देता येत नाही. हिशोबच करावा लागतो.

आधी एक गोष्ट मान्य करतो, कल्पना हवेतली नाही. सांदण दरी उतरणारे ट्रेकर वर साम्रदहून निघतात आणि खाली आपल्या बाजूला डेहण्याला येतात. अंगातली ताकद संपलेली असते, अंधार पडत आलेला असतो आणि त्यांना लोकल पकडायची असते. आजोबा डोंगर करणारेही डेहण्यालाच येतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे, गरज आहे, पैसे द्यायची तयारीही आहे. डोळखांबचा मुलगा हे रोज डोळ्याने बघतोय. धंदा असाच सुचतो, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

आता प्रश्न बघा. डेहण्याहून आसनगावला जायला फोर बाय फोर कशाला लागते? रस्ता आहे! खड्डे असतील, वळणं असतील, पण डांबरी रस्ता आहे. काळी-पिवळी जीप तिथे वर्षानुवर्षं टू व्हीलवरच चालते. आणि चिखलाचं म्हणाल तर भर पावसात सांदण दरीत पाणी असतं, ती उतरता येत नाही. तो ट्रेक हिवाळ्या-उन्हाळ्याचा. म्हणजे ज्या चार महिन्यांत चार चाकांच्या ताकदीची गरज पडेल, नेमके त्याच चार महिन्यांत गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईकाला हवी आहे वेळेवर येणारी, बंद न पडणारी, कागद सरळ असलेली गाडी. त्याला पुढच्या ॲक्सलशी देणंघेणं नाही.

मग आपल्याला जीप का हवी असते? मनापासून सांगायचं तर हौस. हौसेला माझा विरोध नाही, मलाही ती आहे. १९४७ पासून महिंद्राने आपल्याकडे विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून पाटलाच्या वाड्यापासून फॉरेस्टच्या साहेबापर्यंत सगळ्यांनी ती मिरवली. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ ला बंद झाली, तरी आजही कुणाच्या अंगणात उभी दिसली की मान वळतेच. पण हौसेचं खातं वेगळं आणि धंद्याचं खातं वेगळं. आईचं सोनं कुठल्या खात्यातून जाणार आहे ते आधी ठरवा.

आता कागद. इथे जरा सावकाश वाचा, कारण स्वस्त जीप स्वस्त असते ती बहुतेक वेळा कागदामुळे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओला दाखवून पास करून घ्यावी लागते. २००४ ची गाडी म्हणजे २०१९ ला एकदा नूतनीकरण झालं असेल आणि २०२४ ला परत मुदत संपली असेल. मी मित्राला आरसीचा फोटो मागितला. अंदाज बरोबर निघाला, मुदत संपून १६ महिने झालेत. मोटारीला उशिराचे महिन्याला ५०० रुपये लागतात, म्हणजे ८,००० झाले. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५ मध्ये १०,००० केली. ही गाडी २० वर्षांच्या पुढची आहे. म्हणजे १८,००० रुपये गेले आणि अजून एक स्पॅनरही फिरलेला नाही. वर पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, नावावर करण्याचा खर्च.

आणि मुदत संपलेली गाडी चालवत पासिंगला नेता येत नाही हेही लक्षात घ्या. टोचन करून किंवा टेम्पोवर घालून न्यावी लागते. ती पास व्हायला ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर सगळं ठीक हवं. म्हणजे "हळूहळू रिपेअर करीन" हे वाक्य इथेच संपतं. निम्मा खर्च पहिल्या महिन्यातच करावा लागणार.

विकणारा जर तुम्हाला म्हणाला की "सरकारी खात्याच्या लिलावातली आहे, एकदम कमी पळालेली", तर आणखी सावध व्हा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, त्या भंगारातच काढाव्या लागतात. लष्कर, पोलीस यांच्या काही खास कामाच्या गाड्यांना यातून सूट आहे, पण ती गाडीच्या कामाला आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही. दिल्लीकडून आलेली डिझेल गाडी असेल तर ती स्वस्त का आहे तेही समजून घ्या. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून अशी जुनी गाडी बाहेर ढकलली जाते. इथे आणल्यावर तिकडची एनओसी (फॉर्म २८), इथला कर आणि नवा नंबर हे सगळं तुमच्या डोक्यावर.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जीप घेतली. देणारा म्हणाला, "पेपर क्लिअर आहेत." मी आरसी हातात घेतली, नंबर बघितला, पैसे मोजले. घरी आल्यावर बायकोने आरसी वाचली आणि विचारलं, "इथे हे कर्ज कुणाचं लिहिलंय?" जुन्या मालकाने एका पतसंस्थेचं कर्ज घेतलं होतं, फेडलंही होतं, पण बोजा उतरवलाच नव्हता आणि पतसंस्थेला टाळं लागलं होतं. फॉर्म ३५ वर सही करायला माणूस शोधण्यात १४ महिने गेले. तोपर्यंत जीप अंगणात, आत कोंबड्या. त्या कोंबड्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळ त्या सीटवर घालवला.

म्हणून पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मुदत, बोजा, विमा, थकलेली चलनं बघा. मग गाडीकडे जाऊन चेसिस नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. नंबराच्या आसपास वेल्डिंग दिसलं, पत्र्याचा तुकडा लावलेला दिसला की चहा प्या आणि घरी या. भाव करू नका. सौदा झालाच तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन तापवून ठेवू नका. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर काहीतरी लपवलंय. थंड इंजिन किती सेल्फमध्ये उठतं ते बघा. चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा. तिथून फकफक धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग-पिस्टन गेले आणि इंजिनकाम आलं. त्यानंतर जमिनीवर आडवे व्हा. पुढच्या दोन चाकांमध्ये मागच्यासारखाच गोल डबा, म्हणजे डिफरेन्शियल, आहे का? नुसता सरळ लोखंडी दांडा असेल तर ती टू व्हील गाडी आहे, वरचं स्टिकर काहीही म्हणो. आपल्याकडे टू व्हील जीपला फोर बाय फोर म्हणून खपवणारे कमी नाहीत. डबा असला तरी आतला माल असेलच असं नाही. मातीत किंवा नांगरलेल्या शेतात नेऊन गिअरशेजारची दुसरी दांडी टाका, लो गिअर लावा आणि पुढची चाकं खरंच ओढतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. चेसिसला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आपल्या भागातला पाऊस आणि भातखाचरातला चिखल चेसिसच्या आत साठतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरून ताजा काळा रंग मारलेला असेल तर टोचणं अजूनच गरजेचं.

मित्राच्या गावच्या मिस्त्रीने जो अंदाज दिला तो असा: इंजिनकाम ५५,०००. पाच टायर ३२,५००. ब्रेक-स्टिअरिंग १८,०००. पत्राकाम आणि रंग ४५,०००. वायरिंग आणि बॅटरी १४,०००. पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस २५,०००. बेरीज १,८९,५००. कागदांचे १८,००० आणि वरचे कर, विमा वगैरे धरून ३०,०००. गाडीचे १,४०,०००. एकूण ३,५९,५००. जुनी गाडी उघडल्यावर अंदाजापेक्षा जास्त निघतंच, म्हणून दुरुस्तीवर तिसरा हिस्सा वाढवून धरायचा ही माझी पद्धत. म्हणजे साधारण सव्वाचार लाख. "१ लाख ४० हजाराची जीप" ती हीच.

आता कमाई. डिसेंबर ते मे, २६ आठवडे. प्रत्येक शनिवार-रविवार मिळून दोन फेऱ्या आणि फेरीचे समजा २,००० धरले तर १,०४,००० रुपये, त्यातून डिझेल वजा. एकही फेरी न चुकता आणि गाडी एकदाही बंद न पडता! सोन्यावरचं व्याज मात्र पावसाळ्यातही चालू.

पण खरी अडचण याहून मोठी आहे. ही पांढऱ्या पाटीची गाडी आहे. पैसे घेऊन माणसं बसवायची तर परवाना लागतो, पिवळी पाटी लागते. पर्यटक परवान्याला गाडीच्या वयाची मर्यादा आहे, वीस-एकवीस वर्षांच्या जीपला तो मिळणार नाही. परवाना नसताना आठ पोरं मागे बसवली आणि एखाद्या वळणावर गाडी कलंडली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. भरपाई मालकाकडून वसूल होते. तेव्हा गहाण सोनं सोडा, जमीनही पुरणार नाही. "इथे सगळे असंच करतात" हे मला सांगू नका. सगळ्यांचं होईपर्यंत निभावतं.

काही जण विचारतील, मग मोठे टायर, लिफ्ट किट, नवीन बॉडी लावून सजवून विकली तर? पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीत अशा जीप बनवायचा मोठा व्यवसाय आहे, त्यांचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते आणि बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ रूपात नीट केलेली, कागद जिवंत असलेली जीप विकणं हा सरळ धंदा आहे, पण त्यात नफा खरेदीच्या दिवशी मिळतो. मुदत संपलेली आणि इंजिन गेलेली गाडी या भावाने घेऊन तो मिळत नाही. आणि जंगलात घालून "ऑफ-रोड अनुभव" विकायचा विचार असेल तर शहापूरचा मोठा भाग वनखात्याचा आहे, तानसा अभयारण्य आहे. रस्ता सोडून गाडी घातली की गुन्हा.

मित्राला मी दोन गोष्टी सुचवल्या. ट्रेकरांचा धंदा करायचाच असेल तर पिवळ्या पाटीची, परवाना चालू असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे अशा गावातल्याच दोघा-तिघांशी बोल. बुकिंग तू घे, फोन तू उचल, डेहण्यात चहा-जेवणाची सोय तू कर आणि फेरीमागे ठरलेला हिस्सा घे. एक सीझन असं करून बघ. फेऱ्या खरंच किती मिळतात ते वहीत लिही. भांडवल म्हणजे एक फोन आणि वही. आकडे चांगले आले तर पुढच्या वर्षी ती वही घेऊन बँकेत जा, परवान्याच्या गाडीसाठी.

दुसरं, त्याला जीपच्या कामात खरोखर हात घालायचाय असं बोलताना जाणवलं. तसं असेल तर आधी एखाद्या फोर बाय फोरच्या गॅरेजमध्ये सहा महिने काम करावं. २०२० नंतर नव्या थार घेऊन मुंबई-ठाण्याची माणसं शनिवार-रविवारी आपल्याच घाटांकडे येतात आणि अडकली की त्यांना ओढायला, दुरुस्त करायला जवळपास माणूस लागतो. गॅरेजसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते.

त्याचं उत्तर काल आलं. जीपवाल्याने भाव १ लाख १० हजारावर आणलाय आणि "उद्यापर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे" असं म्हणतोय. मी त्याला म्हटलं, त्याला सांग, आधी स्वतःच्या खर्चाने पासिंग करून दे, मग १ लाख ४० हजार देतो. अजून तरी तिकडून फोन आलेला नाही.