जार ओढू नका, राजेहो!

रात्री गाय व्याली, वासरू उभं राहिलं, दूध प्यायलं. पण सकाळ झाली तरी जार लोंबतोच आहे. अमरावती असो की अकोला, गोठ्यात कोणीतरी म्हणतंच, "ओढून काढ ना!" कोणी त्याला दगड बांधतं, कोणी जुनी चप्पल. हे का करायचं नाही, ते आज समजून घेऊ.

गाईचा जार गर्भाशयाला सगळीकडून चिकटलेला नसतो. साधारण 75 ते 120 गाठींवर तो धरलेला असतो. एकेक गाठ म्हणजे टिचबटण समजा. एक भाग गाईचा, एक वासराचा. वासराकडची बारीक बोटं गाईकडच्या खाचांत घुसून बसतात.

या गाठींना बळकटी देतं कोलॅजन. आपल्या कातडीत, हाडांत असतं तेच प्रथिन. प्रकार 1 म्हणजे ताण सोसणारे जाड दोर. प्रकार 3 म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. हे दोन्ही गाठीच्या आतल्या आधाराच्या भागात असतात. प्रकार 4 चा दोर होतच नाही, तो पेशींच्या थराखाली आणि रक्तवाहिन्यांभोवती पातळ पापुद्र्यासारखा पसरतो.

व्यायची वेळ आली की शरीर स्वतःच हे धागे तोडायला लागतं. त्यासाठी कोलॅजिनेज नावाचं विकर लागतं, पांढऱ्या पेशींची मदत लागते. जार अडकलेल्या गाईंत हे काम कमी पडतं. त्यांच्या गाठींत प्रकार 3 व्याल्यानंतरही तसाच राहिलेला आढळला आहे. म्हणजे बटण उघडलेलंच नाही. मग ओढलं तर काय होणार? बटण राहतं, कापड फाटतं! गर्भाशयाला जखम, रक्तस्राव, पू, आणि गाय पुन्हा गाभण राहायला उशीर.

मग करायचं काय? जार बहुतेक वेळा 12 तासांत पडतो. नाही पडला तर पशुवैद्यकाला बोलवा, किंवा 1962 वर फोन लावा. गाईला ताप आला, घाण वास सुटला, तिनं चारा सोडला, तर अजिबात थांबू नका.

आणि एक. जाराला उघड्या हातानं शिवू नका. गाईला ब्रुसेलोसिस असेल तर तो माणसालाही होतो. हातमोजे घाला, पडलेला जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

घरी गाय असेल तर हा भाग बाबांना, काकांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!