घरगुती संगणकातील स्मृतीचा प्रकार कसा ओळखावा?

संगणक मंद चालू लागला म्हणजे तो निकामी झाला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पुष्कळदा यंत्र शाबूत असते. अपुरी पडलेली असते ती त्याची कार्यस्मृती, म्हणजेच ‘रॅम’. ती वाढविली असता तेच यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते. मर्यादित निधीवर चालणाऱ्या शाळेला हा लाभ लहान नव्हे. परंतु त्यासाठी रॅमची कोणतीही पट्टी चालत नाही. भिन्न प्रकारची पट्टी जागेवर बसतच नाही, आणि बळाने दाबल्यास ती पट्टी व मदरबोर्ड दोहोंचीही हानी होण्याचा संभव असतो. म्हणून खरेदीपूर्वी प्रकार ओळखणे अगत्याचे आहे.

रॅम म्हणजे काय?

वर्गातील कपाटात वह्यापुस्तके कायमची ठेवलेली असतात. चालू उदाहरण मात्र फळ्यावर सोडविले जाते आणि काम संपताच पुसले जाते. संगणकातील डिस्क हे ते कपाट होय, तर रॅम हा फळा होय. वीज बंद होताच या फळ्यावरील सर्व मजकूर नाहीसा होतो.

या स्मृतीचा प्रत्येक कण एक ट्रान्झिस्टर व एक सूक्ष्म धारित्र यांचा बनलेला असतो. ही रचना आय.बी.एम. या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढली व १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. धारित्रातील विद्युत्‌भार गळक्या मडक्यातील पाण्याप्रमाणे सतत ओसरत असतो. म्हणून तो सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो.

पाच पिढ्या

पूर्वीची स्मृती घड्याळाच्या एका ठोक्याला एकदाच माहिती पाठवीत असे. पुढे ठोक्याच्या चढावर एकदा व उतारावर एकदा, अशी दोनदा माहिती पाठविणारी स्मृती आली. तिलाच ‘डीडीआर’ म्हणतात. तिची मानके अनुक्रमे २०००, २००३, २००७, २०१२ व २०२० या वर्षी प्रसिद्ध झाली. प्रत्येक पिढीत वेग वाढला व विद्युत्‌दाब उतरत गेला : २·५, १·८, १·५, १·२ आणि १·१ व्होल्ट. दाब व संकेतपद्धती भिन्न असल्यामुळेच एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी चालत नाही.

डोळ्यांनी ओळखणे

मेजावरील संगणकाच्या पट्टीवर पहिल्या पिढीत १८४ पिना असतात. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत २४०, तर चौथ्या व पाचव्या पिढीत २८८. पिनांची संख्या सारखी असली, तरी कडेवरील खाचेची जागा प्रत्येक पिढीत निराळी असते. चुकीची पट्टी बसू नये, हाच त्या खाचेचा हेतू होय. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात. त्यांवर पहिल्या दोन पिढ्यांत २००, तिसरीत २०४, चौथीत २६० व पाचवीत २६२ पिना असतात.

पट्टीवरील चिठ्ठी सर्वांत बोलकी असते. ‘पीसी३-१२८००’ यातील ३ हा पिढीचा अंक होय. १२८०० म्हणजे दर सेकंदास मेगाबाइटांत वाहणारी माहिती. एका वेळी ८ बाइट जात असल्याने ८ ने भागले असता १६०० हा वेग मिळतो. मात्र येथे सावध राहावे. ‘पीसी-३२००’ ही पहिल्या पिढीची पट्टी असून तिचा वेग ४०० असतो. ‘पीसी४-३२००’ ही चौथ्या पिढीची असून तिच्यावरील ३२०० हा आकडा वेगाचाच असतो. ‘पीसी३एल’ असे लिहिलेली पट्टी १·३५ व्होल्टवर चालते, व काही लॅपटॉपांना तीच लागते.

यंत्र न उघडता

प्रत्येक पट्टीवर एक लहान चकती असते. तिच्यात पट्टीचा प्रकार, क्षमता व वेग नोंदलेला असतो, आणि संगणक सुरू होताना ही नोंद वाचतो. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’ पाहावी. तेथे वेग व वापरात असलेल्या जागांची संख्या दिसते. सामान्यतः १६०० हा वेग तिसऱ्या, २६६७ किंवा ३२०० चौथ्या, आणि ४८०० वा अधिक पाचव्या पिढीचा निदर्शक असतो. लिनक्स प्रणालीत ‘डीएमआयडीकोड’ हा आदेश प्रकाराचे नावच सांगतो.

तथापि, अनेक पातळ लॅपटॉपांत स्मृती मदरबोर्डावरच डाख देऊन बसविलेली असते. ती बदलता येत नाही. यंत्र उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी, आणि पट्टीला हात लावण्याआधी यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर विजेने चकत्यांना अपाय होणार नाही. पट्टी नेहमी कडांना धरावी. एवढी काळजी घेतल्यास, टाकाऊ समजून अडगळीत ठेवलेले एखादे यंत्र पुन्हा विद्यार्थ्यांपुढे येऊ शकेल.