एका वहीचें मोल

थोर ग्रंथकारांच्या हस्तलिखितांस लिलांवांत हजारों पौंडांची बोली लागते, हें ऐकून आम्ही तो केवळ धनिकांचा छंद मानीत असूं. परंतु एका वहीच्या कथेनें आमचें मत पालटलें.

ऑक्सफर्ड येथील गणिताध्यापक लुई कॅरल यांनीं ॲलिसची गोष्ट स्वहस्तें लिहून, तींत ३७ चित्रें काढून, ती वही १८६४ सालीं ॲलिस लिडेल या बालिकेस भेट दिली. पुढें वैधव्य आल्यावर, मृत्युकराच्या भारामुळें, पंचाहत्तर वर्षांच्या ॲलिसबाईंनीं ती १९२८ सालीं लंडनला सदबीच्या लिलांवांत विकली. रोझेनबाख नामक अमेरिकन ग्रंथविक्रेत्यानें १५,४०० पौंडांस ती घेतली. १९४६ सालीं ती पुनः लिलांवांत आली, तेव्हां अमेरिकन दात्यांच्या वर्गणींतून ५०,००० डॉलरांस खरेदी होऊन, महायुद्धांत ब्रिटननें दाखविलेल्या धैर्याबद्दल कृतज्ञता म्हणून, १९४८ सालीं ती ब्रिटिश म्युझियमला अर्पण झाली. आज ती ब्रिटिश लायब्ररींत आहे.

संग्राहकांनीं जपली, म्हणूनच ती दान करतां आली. आपल्याहि घरीं माळ्यावर वाडवडिलांच्या हातच्या पोथ्या असतील. त्या रद्दींत घालण्यापूर्वीं पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणीं जाणत्यांस दाखवाव्या, एवढीच सुज्ञ वाचकांस विनंति.