दारू सोडायची आहे, पण मीटिंगमध्ये देवाचे नाव घेतात

22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. म्हणूनच वस्तीतला पिणारा माणूस लाजेने विहारात यायचेही टाळतो. त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या मीटिंगबद्दल सांगितले की हमखास प्रश्न येतो: तिथे देवाचे नाव घेतात ना?

घेतात. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण तो ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीकही तिथेच आहे. कितीतरी नास्तिक सभासद समूहालाच स्वतःपेक्षा मोठी शक्ती मानतात. संघाला शरण जाणाऱ्याला हे परके वाटू नये. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसले तरी चालते. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. आडनावही सांगावे लागत नाही, आणि आडनावावरून जात हुडकणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नाही.

गटांची यादी एएच्या भारतातील संकेतस्थळावर मिळते. जाण्याआधी फोन करून वेळ आणि भाषा विचारा. 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइनही आहे. ‘खुल्या’ मीटिंगला घरच्यांना सोबत नेता येते, ‘बंद’ मीटिंगला नाही. बायकोसाठी, आईसाठी अल-ॲनॉनचे गट वेगळे असतात.

मात्र रोज सकाळपासून पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम दारू बंद करू नये. फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. मीटिंग त्यानंतर. पहिल्या दिवशी तिथे नुसते ऐकत बसले तरी पुरे.